विश्लेषण : शिकारी रायफलीसाठी स्वतःचे काडतूस घडवून घेणे परवडते का? पी. ओ. ॲक्ली यांच्या आयुष्यातून काय कळते?

दुकानात काडतूस मिळत असताना स्वतःसाठी वेगळे काडतूस आणि ते चालवणारी वेगळी रायफल घडवून घेणे, हा अमेरिकी शिकाऱ्यांचा शंभर वर्षांहून जुना नाद. अशा काडतुसांना ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. पार्कर ओटो ॲक्ली (१९०३-१९८९) या कारागिराचे नाव या नादाशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांनी अशा रायफली बनवून पोट भरले, त्यांच्यावर पुस्तके लिहिली आणि त्या किती दाब सोसतात हे पाहण्यासाठी मुद्दाम फोडूनही पाहिल्या. मात्र यातली कितीतरी काडतुसे खर्चाच्या मानाने काहीच देत नाहीत, हेही त्यांनीच छापून सांगितले. ज्या मालावर आपले दुकान चालते त्याचेच उणे सांगणारा हा माणूस कोण होता, आणि त्याचा हिशेब आजही लागू पडतो का?

वाइल्डकॅट म्हणजे नेमके काय?

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी असलेले प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. रायफलीच्या नळीच्या मागच्या टोकाला या पुंगळीच्या मापाची पोकळी कोरलेली असते. तिला चेंबर म्हणतात. चेंबर आणि पुंगळी यांचे माप जुळले तरच बंदूक सुरक्षित चालते. म्हणून कारखान्यांची मापे आणि दाबाच्या मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. अमेरिकेत हे काम ‘सामी’ ही उत्पादकांची संस्था करते.

या यादीत नसलेले, कोणताही कारखाना तयार विकत नसलेले काडतूस म्हणजे वाइल्डकॅट. ते बनवण्याची रीत मात्र साधी आहे. बाजारात मिळणारी पुंगळी घ्यायची आणि तिची मान आवळून लहान गोळी बसवायची, किंवा मान रुंद करून मोठी. खांद्याचा कोन बदलला तरी नवे काडतूस होते. अमेरिकी लष्कराने १९०६ साली स्वीकारलेल्या ‘.३०-०६’ या काडतुसाची पुंगळी तर या खेळातली मूळमाया. तिच्यापासून कारखान्यांनी आणि हौशी लोकांनी किती काडतुसे काढली याची मोजदाद करणेही अवघड.

यात पैसा कुठे जातो? पुंगळीत फारसा नाही. खर्च होतो तो नव्या नळीवर, तिच्यात नेमके चेंबर कोरणाऱ्या ‘रीमर’ या हत्यारावर, काडतूस घरी भरण्यासाठी लागणाऱ्या खास साच्यांवर, आणि सगळ्यात जास्त कारागिराच्या तासांवर.

ॲक्ली या धंद्यात कसे आले?

ॲक्ली यांचा जन्म २५ मे १९०३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रॅनव्हिल या गावी झाला. सिराक्यूज विद्यापीठातून १९२७ साली त्यांनी शेतीशास्त्राची पदवी विशेष गुणवत्तेसह घेतली. पुढचा मार्ग शेतीचाच दिसत होता, पण दोनच वर्षांनी महामंदी आली. बंदुका दुरुस्त करण्याचा छंद होता आणि हात चांगला होता. १९३६ साली त्यांनी बंदुकीचे एक चालते दुकान विकत घेतले आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओरेगॉन राज्यातल्या रोझबर्ग गावी बस्तान हलवले. वयाची तिशी उलटलेली, पदरी संसार आणि देशभर मंदी. अशा वेळी शेती सोडून लेथवर उभे राहणे हा धाडसाचाच निर्णय होता.

दुकान घेतले तरी नळी बनवता येत नव्हती. नळी बनवणे हे या धंद्यातले सर्वात कसाचे काम. पोलादाच्या कांबीत सरळ भोक पाडायचे आणि आतून गोळीला फिरकी देणारे पिळाचे खोबण कोरायचे. ते शिकण्यासाठी ॲक्ली काही काळ सिनसिनाटीला एका जाणत्या कारागिराकडे जाऊन राहिले. हा तपशील महत्त्वाचा आहे. त्या काळी नवी काडतुसे सुचवणारे लेखक पुष्कळ होते. पण नळी स्वतः कोरायची, चेंबर स्वतः कापायचे, काडतूस स्वतः भरायचे आणि वेगही स्वतः मोजायचा, असे करणारे थोडे होते.

दुसऱ्या महायुद्धात ॲक्ली लष्कराच्या आयुध विभागात होते. युद्ध संपत आले तसे ते कोलोरॅडोतल्या ट्रिनिडॅड या गावी आले. तिथे त्यांचा कारखाना अमेरिकेतल्या मोठ्या खासगी नळी-कारखान्यांपैकी एक झाला. तिथल्या ट्रिनिडॅड स्टेट ज्युनिअर कॉलेजात बंदूक-कारागिरीचा अभ्यासक्रम चालू झाला आणि ॲक्ली शिक्षक म्हणून उभे राहिले. समोर बसलेले विद्यार्थी बहुतेक युद्धावरून परतलेले जवान. त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकार देत होते. कॉलेजातला तो अभ्यासक्रम आजही चालू आहे. १९५० च्या दशकात ॲक्ली युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला गेले आणि अखेरपर्यंत त्याच भागात राहिले.

त्यांच्याआधी हा खेळ कोणाला महागात पडला?

ॲक्ली यांच्या आधीच्या पिढीतले मोठे नाव म्हणजे चार्ल्स न्यूटन. बफेलो शहरातले हे वकील. काडतुसांची रचना हा त्यांचा ध्यास. सॅव्हेज कंपनीने त्यांची दोन काडतुसे बाजारात आणली आणि त्यातले ‘.२५०-३०००’ हे १९१५ सालचे काडतूस सेकंदाला ३००० फूट वेग देते म्हणून गाजले. त्या काळी हा आकडा जाहिरातीत छापण्याजोगा होता.

न्यूटन यांना तेवढ्यावर थांबायचे नव्हते. स्वतःची काडतुसे स्वतःच्याच रायफलीत विकावीत म्हणून त्यांनी १९१४ साली कंपनी काढली आणि जर्मनीच्या माउझर कारखान्याकडे रायफलींची मागणी नोंदवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन माल येणे बंद झाले. मग स्वतःची रायफल बनवायला घेतली, तोवर अमेरिकाही युद्धात उतरली. १९१८ साली कंपनी बुडाली. पुढे पुन्हा पुन्हा प्रयत्न झाले, तेही फसले. १९३२ साली न्यूटन वारले. त्यांच्या काडतुसांची आखणी इतकी पुढची होती की आजच्या मॅग्नम काडतुसांशी तिची तुलना होते. पण ज्यांनी त्या रायफली घेतल्या त्यांच्या हाती काही वर्षांनी काय उरले? उत्तम बंदूक, आणि दुकानात न मिळणारे काडतूस.

वाइल्डकॅटचा खरा धोका हाच आहे. रचना चांगली असून भागत नाही; उद्या ते काडतूस कोण बनवणार, हे ठाऊक असावे लागते.

‘इम्प्रूव्ह्ड’ काडतुसाने हा धोका कसा टाळला?

ॲक्ली यांची हुशारी इथे दिसते. त्यांच्या नावाची जी मालिका ‘ॲक्ली इम्प्रूव्ह्ड’ म्हणून प्रसिद्ध आहे, तिच्यात काडतुसाची जात बदलत नाही. फक्त पोट वाढते. जुन्या पुंगळ्या बुडाकडे जाड आणि खांद्याकडे निमुळत्या असत. खांदाही उतरता. चेंबरमध्ये सहज सरकावीत आणि वापरल्यावर सहज निघावीत म्हणून तशी रचना होती. ॲक्ली यांनी चेंबरच्या भिंती जवळजवळ सरळ केल्या आणि खांदा बहुतेक वेळा ४० अंशांपर्यंत ताठ केला. पुंगळीची लांबी तीच, गोळी तीच. आत दारूला थोडी अधिक जागा.

नव्या आकाराची पुंगळी आणायची कुठून, हा प्रश्न मग उरत नाही. कारखान्यातले मूळ काडतूस या सुधारित चेंबरमध्ये बसते. ते झाडले की आतल्या दाबाने पितळ फुगते आणि चेंबरच्या भिंतींना टेकून नवा आकार घेते. रिकामी पुंगळी बाहेर येते ती सुधारित होऊनच. पुढच्या वेळी ती घरी भरायची. म्हणजे शिकारीच्या दौऱ्यावर सामानाची पेटी हरवली, तरी गावातल्या दुकानातून साधे काडतूस घेऊन काम निभते. न्यूटन यांच्या गिऱ्हाइकांना ही सोय नव्हती. उलट मात्र चालत नाही. सुधारित काडतूस मूळ रायफलीत बसत नाही, आणि ते जबरदस्तीने बसवू पाहणे जिवावर बेतू शकते.

या बदलाचे काही फायदे वेगाशी संबंधित नाहीत आणि त्यांची चर्चा कमी होते. ताठ खांद्याची पुंगळी झाडताना कमी ताणली जाते, म्हणून ती जास्त वेळा भरता येते आणि तिची लांबी वरचेवर छाटावी लागत नाही. घरी काडतुसे भरणाऱ्या माणसाला हा फायदा दर आठवड्याला जाणवतो. वेगातला फायदा जाणवायला मात्र यंत्र लागते.

मग वेग वाढतो तरी किती?

जाहिरात आणि गणित यांची फारकत होते ती याच ठिकाणी. बंदूक-कारागिरांचा एक ठोकताळा आहे : दाब तोच ठेवला, तर पुंगळीची जागा जितके टक्के वाढते त्याच्या साधारण चौथा हिस्सा इतकेच टक्के वेग वाढतो. ‘.३०-०६’ ची पुंगळी सुधारली आणि जागा ५ टक्के वाढली असे धरा. वेग वाढेल सव्वा टक्का. मूळ वेग सेकंदाला २८०० फूट असेल तर वाढ ३५ फुटांची. ३०० यार्डांवर गोळी जितकी खाली येते, त्यात या वाढीने इंचाचाही फरक पडत नाही. समोरच्या हरणाला तो कळणार नाही आणि नेम धरणाऱ्यालाही. एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या दोन नळ्यांच्या वेगात याहून जास्त तफावत असू शकते.

तरीही त्या काळची मासिके शेदोनशे फुटांच्या वाढीच्या कहाण्यांनी भरलेली असत. याची दोन कारणे होती. पहिले म्हणजे वेग मोजायचे यंत्र, क्रोनोग्राफ, सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात नव्हते. अनेक आकडे अंदाजाने किंवा आशेने लिहिलेले असत. दुसरे कारण जास्त गंभीर. सुधारित काडतुसात जागा वाढली म्हणून लोक दारू जरा जास्तच भरत आणि दाब मर्यादेपलीकडे जाई. वेग वाढे तो दाबामुळे, श्रेय जाई खांद्याच्या कोनाला. तोच दाब मूळ काडतुसात दिला असता तर तेही तितकेच धावले असते.

ॲक्ली यांनी हा भेद लपवला नाही. कोणत्या काडतुसाला सुधारणा मानवते आणि कोणत्याला नाही, हे त्यांनी वेगळे काढले. ‘.२५० सॅव्हेज’, ‘.२५७ रॉबर्ट्स’, ‘.३०-३०’ यांसारखी जुनी, निमुळती, सौम्य भरलेली काडतुसे सुधारली की फरक दिसतो. याउलट ‘.२७० विंचेस्टर’सारखे काडतूस कारखान्यातूनच पुरेपूर ताकदीने भरून येते आणि नळीच्या भोकाच्या मानाने त्याची पुंगळी आधीच मोठी आहे. ते सुधारून पदरात काही पडत नाही, असे त्यांचे मत होते. त्यांच्या दुकानात ‘.२७०’ घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा सल्ला फुकटचा होता. दुकानदाराच्या दृष्टीने तो तोट्याचा.

भोकाच्या मानाने दारू जास्त झाली की काय होते, हे दाखवायला त्यांनी एक चेष्टाही करून ठेवली. बॉब हटन या बंदूक-लेखकासाठी त्यांनी हत्तीच्या शिकारीच्या तोडीच्या ‘.३७८ वेदरबी मॅग्नम’ या अगडबंब पुंगळीची मान आवळून तिच्यात .२२ मापाची चिमुकली गोळी बसवली. सेकंदाला ५००० फूट गाठायचे होते, गाठले ४६०० च्या आसपास. त्या काडतुसाला त्यांनी कान फाटतील असा आवाज सुचवणारे विनोदी जर्मनछाप नाव दिले, ‘इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर’. इतकी दारू जाळून नळीचा घसा काही झटक्यांत खरवडून निघतो, हे त्यांना चांगले ठाऊक होते. ती विकायची वस्तू नव्हतीच.

बंदुका फोडून त्यांनी काय शोधले?

युद्धानंतर अमेरिकेत लष्करी रायफलींचा पूर आला. जर्मन माउझर आणि जपानी अरिसाका जवान घरी घेऊन आले होते. पुढे गोदामांतला जुना माल स्वस्तात विकला गेला. या रायफलींना नवी नळी आणि नवा दस्ता बसवून शिकारी बंदूक बनवणे हा मोठा धंदा झाला. या बंदुका किती दाब सोसतील, याबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच जास्त होत्या. जपानी माल म्हणजे कच्चा, ही त्यातलीच एक समजूत.

ॲक्ली यांनी वेगवेगळ्या देशांच्या रायफली घेतल्या आणि एकेक पायरीने दारू वाढवत त्या मोडेपर्यंत झाडल्या. निकालाने भल्याभल्यांना गप्प केले. सर्वात चिवट ठरली ती जपानी अरिसाका. इतर नामवंत बंदुकांनी हार मानल्यावरही ती टिकून होती. याच सुमारास अमेरिकेत एक विलक्षण प्रकरण गाजले. एकाने ६.५ मिलिमीटर भोकाच्या अरिसाकाचे चेंबर ‘.३०-०६’ साठी कोरून घेतले, पण नळी मात्र तीच ठेवली. म्हणजे ७.६२ मिलिमीटरची गोळी साडेसहाच्या भोकातून ठेचत जात होती. मालकाने त्या बंदुकीने शिकारही केली. तक्रार एवढीच, की खांद्याला दणका फार बसतो! दुसरी एखादी बंदूक असती तर तक्रार करायला मालक उरला असता की नाही, कोण जाणे.

दुसरा प्रयोग त्याहून धाडसी. ॲक्ली यांचा दावा होता की सरळ भिंतींची पुंगळी झाडताना चेंबरच्या भिंतींना घट्ट धरते, त्यामुळे मागच्या बोल्टवर कमी जोर येतो. हे पाहण्यासाठी त्यांनी ‘.३०-३०’ मापाच्या विंचेस्टर रायफलीत सुधारित चेंबर कोरले, बोल्टला अडवून धरणारा भागच काढून टाकला आणि दूरून दोरीने चाप ओढला. पुंगळी चेंबरमध्ये राहिली. हा प्रयोग पुढे इतका सांगितला गेला की सुधारित काडतुसाचा बोल्टवर जोरच येत नाही, असा त्याचा अर्थ काढला गेला. तो चुकीचा आहे. ‘.३०-३०’ चा दाब मुळात कमी असतो आणि चेंबर कोरडे व स्वच्छ असले तरच पितळाची पकड बसते. तेलाचा थेंब किंवा जास्त दाब आला की गणित बदलते. जुन्या, कमी ताकदीच्या बंदुकीत या भरवशावर जड काडतुसे चालवणे धोक्याचेच.

हे सगळे त्यांनी ‘हँडबुक फॉर शूटर्स अँड रीलोडर्स’ या दोन खंडांत मांडले. पहिला खंड १९६२ सालचा, दुसरा १९६६ सालचा. त्यात शेकडो काडतुसांची माहिती आहे. अनेकांचे आकडे ज्यांनी ती बनवली त्यांच्याकडूनच आलेले, त्यामुळे ते सारखेच भरवशाचे नाहीत. त्यातले दारूचे काही प्रमाण आजच्या मोजमापाने जादा ठरते. म्हणून जाणकार ही पुस्तके वाचतात, पण दारू भरताना आजचे तक्ते वापरतात.

जिम कॉर्बेट यांच्या रायफलीशी नाते काय?

मराठी वाचकाला शिकारी रायफल म्हटले की जिम कॉर्बेट आठवतात. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा बंदोबस्त केल्याबद्दल १९०७ साली त्यांना ‘.२७५ रिग्बी’ रायफल भेट मिळाली. तिचे काडतूस म्हणजे जर्मनांचे ७×५७ माउझर. इंग्लंडमध्ये त्याला नवे नाव मिळाले इतकेच. याच पुंगळीची मान आवळून अमेरिकेत नेड रॉबर्ट्स यांनी एक वाइल्डकॅट बनवले आणि १९३४ साली रेमिंग्टन कंपनीने ते ‘.२५७ रॉबर्ट्स’ म्हणून बाजारात आणले. तेच पुढे ॲक्ली यांनी सुधारले, आणि त्यांच्या चांगल्या काडतुसांत ते नेहमी मोजले जाते.

भारताचा काडतुसांच्या इतिहासाशी दुसरा धागा कायद्याचा आहे. लष्कराच्या मापाची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ साली भारतात .४५० मापाच्या रायफलींवर बंदी घातली. इंग्रज बंदूकवाल्यांना नवी मापे शोधावी लागली आणि ‘.४७०’सारखी प्रसिद्ध काडतुसे त्यातून आली. नवे काडतूस नेहमी वेगाच्या हौसेपोटीच जन्मते असे नाही. स्वतंत्र भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न संपवला, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बनवायला, बंदुकीत फेरबदल करायला परवाना लागतो. त्यामुळे इथे हा विषय वाचण्यापुरताच.

मग अशी रायफल कोणी घडवून घ्यावी?

ॲक्ली यांच्या भरभराटीच्या काळात या प्रश्नाचे उत्तर आजच्यापेक्षा सोपे होते. युद्धावरून आणलेली माउझर जवळजवळ फुकट पडलेली असे. तिची नळी घासलेली, आणि तिचे लष्करी काडतूस गावात मिळत नसे. नवी नळी तशीही बसवायचीच होती. मग चेंबर ‘.३०-०६’ चे कोरा की सुधारित ‘.२५७’ चे, मजुरी सारखीच. दुसरे म्हणजे, त्या काळी कारखान्यांच्या यादीत मोठमोठ्या फटी होत्या. हलकी, वेगवान, मध्यम मापाची गोळी हवी असेल तर वाइल्डकॅटशिवाय मार्ग नव्हता.

त्या फटी पुढे कारखान्यांनीच बुजवल्या, आणि बुजवताना वाइल्डकॅटच उचलले. ‘.२२-२५०’ हे अनेक वर्षे हौशी लोकांचे काडतूस होते. रेमिंग्टनने १९६५ साली ते आपले केले. ‘.२५-०६’ १९६९ साली आले, ‘.३५ व्हेलेन’ १९८८ साली. .१७ मापाच्या इवल्या गोळ्यांवर ॲक्ली यांनी सुरुवातीच्या काळात काम केले होते. रेमिंग्टनने त्या मापाचे पहिले कारखानी काडतूस १९७१ साली काढले. ज्यांनी यातले एखादे आधी घडवून घेतले होते, त्यांचे पैसे वसूल झाले. पण अशी एक जोडी जुळली तर शंभर काडतुसे वहीतच राहिली, आणि त्यांच्या रायफली मालक गेल्यावर वारसांच्या गळ्यात पडल्या. नळीवर कोरलेले अनोळखी नाव, साचे हरवलेले, काडतूस कुठेच नाही. अशी रायफल विकायला काढली की घेणारा तिची किंमत नळी बदलण्याचा खर्च वजा करूनच करतो.

आज साधी कारखानी रायफल शंभर यार्डांवर इंचभराच्या वर्तुळात तीन गोळ्या घालू शकते. ॲक्ली यांच्या तरुणपणी एवढ्या अचूकपणासाठी कारागिराकडेच जावे लागे. म्हणजे घडवून घेण्याची दोन्ही जुनी कारणे, अचूकपणा आणि न मिळणारे माप, बरीचशी गळून पडली आहेत. उरते ती हौस. हौसेला मोल नसते म्हणतात, पण तिची किंमत आधी मांडलेली बरी : नळी, रीमर, साचे, पुंगळ्यांना आकार देण्यासाठी झाडलेल्या शेकडो गोळ्या आणि त्यात झिजलेली तीच नवी नळी. जो माणूस वर्षात दोन हरणे मारतो आणि बाकीचा वेळ बंदूक कपाटात ठेवतो, त्याने तेवढ्या पैशांत चांगली दुर्बीण आणि सरावाची काडतुसे घेतली तर हरीण जखमी होऊन पळण्याची शक्यता कमी होते. ज्याला भरणे, मोजणे, पुन्हा भरणे यातच रस आहे, त्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब वेगळा. तो बंदुकीचे नाही, वर्षभराच्या कामाचे पैसे मोजतो. अशा माणसाने ॲक्ली यांची वाट धरावी, म्हणजे मूळ काडतूस चालेल असेच चेंबर कोरून घ्यावे.

मृत्यूनंतर काय घडले?

२३ ऑगस्ट १९८९ रोजी ॲक्ली यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत त्यांच्या नावाचे काडतूस कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या प्रमाणित यादीत आले नाही. १८ वर्षांनी, २००७ साली, नॉस्लर कंपनीच्या पुढाकाराने ‘सामी’ने ‘.२८० ॲक्ली इम्प्रूव्ह्ड’ला मान्यता दिली. मूळ ‘.२८०’ हे रेमिंग्टनने १९५७ साली आपोआप भरणाऱ्या रायफलीसाठी काढले होते, म्हणून ते सौम्य भरले जाई. त्यामुळे सुधारित काडतुसाचा जो वाढीव वेग खोक्यावर छापलेला दिसतो, त्यातला काही भाग खांद्याच्या कोनाचा आणि काही भाग सरळसरळ जास्त दाबाचा आहे.

आता अनेक कंपन्यांच्या तयार रायफली या मापात मिळतात आणि काडतुसेही खोक्यात भरून येतात. पुंगळीच्या बुडावर ॲक्ली यांचे नाव ठोकलेले असते. त्यासाठी कारागिराकडे जावे लागत नाही.